‘बरा होता’ म्हणून गप्प बसू का?

पत्राचा सारांश, ओळख पटेल असे तपशील गाळून:

वाचक तिशीच्या आतली आहे. माहेर खानापूर तालुक्यात, सासर बेळगावात, नोकरी शहरातल्या कर्ज देणाऱ्या एका सहकारी सोसायटीत. सासरी सगळ्यांना सिनेमाची हौस. महिन्या-दोन महिन्यांतून मोठे दीर सगळ्यांची तिकिटं काढतात आणि परतताना गाडीतच ‘कसा वाटला?’ सुरू होतं. मध्यंतरी एक ऐतिहासिक मराठी चित्रपट पाहून येताना ती म्हणाली, ‘आवाज फार होता, माणसं कमी दिसली.’ गाडीत कुणी काही बोललं नाही. पुढे ऑफिसातल्या कन्नड मैत्रिणींबरोबर पाहिलेला एक कन्नड चित्रपट तिला मनापासून आवडला आणि तसं तिनं घरी सांगितलं. दीर म्हणाले, ‘आपला आवडला नाही, त्यांचा आवडला. असू दे.’ तेव्हापासून ती प्रत्येक सिनेमाला ‘बरा होता’ म्हणून गप्प बसते. पत्राच्या शेवटी धाकट्या भावाचा उल्लेख आहे. तो बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय. सवयींवरचं एक खपाचं पुस्तक वाचून तिनं त्याला सांगितलं होतं की कुठलीही सवय 21 दिवसांत लागते. त्यानं भिंतीवर कॅलेंडर टांगलं, पहाटे साडेचारला उठायला लागला. आजीला दवाखान्यात ठेवावं लागलं तेव्हा खंड पडला, पुन्हा सुरू केलं, पुन्हा मोडलं. आता तो म्हणतो, ‘माझ्यातच कायतर कमी हाय.’ तिचे प्रश्न दोन: माझी आवडच चुकीची आहे का? आणि मत सांगणं सोडून द्यावं का?

---

ताई,

तुमच्या पत्रातला बहुतेक मजकूर सिनेमाबद्दल आहे आणि भावाबद्दल अगदी शेवटी पाच-सहा ओळी आहेत. मी उत्तर त्या ओळींपासून सुरू करते. दिरांचा रुसवा आज ना उद्या निघेल. भाऊ मात्र अजून त्या कॅलेंडरसमोरच बसलेला आहे.

त्याला आधी हे सांगा की 21 दिवसांचा नियम कुठल्याही प्रयोगातून आलेला नाही. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकी प्लास्टिक सर्जन होते. नाकाची किंवा चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आरशातला आपला नवा चेहरा ओळखीचा वाटायला निदान एकवीस दिवस तरी लागतात, असं त्यांना रुग्णांकडे पाहून वाटलं आणि 1960 साली आलेल्या पुस्तकात त्यांनी ते लिहिलं. पुढच्या लेखकांनी ‘निदान’ गाळलं, चेहरा गाळला आणि उरलेले 21 दिवस व्यायामापासून अभ्यासापर्यंत सगळ्याला चिकटवले.

सवयीचा खरा अभ्यास बराच नंतर झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांना 12 आठवडे रोज एक साधी गोष्ट करायला सांगितली. जेवणाबरोबर फळ खाणं, जेवणाआधी थोडं पळणं, अशा गोष्टी. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला. आणि तुमच्या भावानं भिंतीवर लावावी अशी गोष्ट पुढेच आहे: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे आजीजवळ दवाखान्यात बसून काढलेल्या रात्रीनं त्याचं काही मोडलं नव्हतं. मोडलं ते त्यानं मानलेल्या आकड्यामुळे. पहाटे साडेचारला उठून अभ्यास ही जेवणाबरोबर फळ खाण्यापेक्षा कितीतरी अवघड गोष्ट आहे, तिला जास्त दिवस लागणारच.

फोनवर नको, घरी जाऊन सांगा. आणि सांगताना ‘ते पुस्तक फालतू होतं’ असं उडवून लावू नका. त्यातल्या बाकीच्या गोष्टी, उदाहरणार्थ सवय ठरावीक जागेशी आणि वेळेशी जोडणं, त्याच्या कामाच्या आहेत. फक्त आकडा बदला. शक्य असेल तर पहाटेचा हट्टही सोडायला सांगा. परीक्षेत पहाटेचे मार्क वेगळे मिळत नाहीत. संध्याकाळी अभ्यासिकेत त्याचं डोकं चांगलं चालत असेल तर संध्याकाळच बरी.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. सिनेमावर मत देणं धोक्याचं आणि पुस्तकावर मत देणं बिनधोक, असं तुम्ही धरून चालला आहात. मला ते नेमकं उलट वाटतं, आणि तुमचंच पत्र त्याचा पुरावा आहे. सिनेमाबद्दल तुम्ही दोन वाक्यं बोललात, त्यानं गाडीत अर्धा तास अवघडलेपण आलं. पुस्तकाबद्दल ‘खूप छान आहे, असं केलं की होतं’ एवढंच म्हणालात आणि एका मुलाचा स्वतःवरचा विश्वास डळमळला. यात मी तुम्हाला दोष देत नाही. ते वाक्य मोठमोठे वक्ते माईकवरून सांगतात.

सिनेमा आवडला किंवा नाही आवडला, हे तुमच्याबद्दलचं आणि त्या सिनेमाबद्दलचं सांगणं झालं. त्यात तुम्ही चुकीच्या ठरू शकत नाही. पण माहितीपर पुस्तक ‘छान आहे’ म्हणून दुसऱ्याच्या हातात ठेवलं की समोरचा त्यातली विधानं खरी मानून घरी नेतो. तुमचा शब्द त्या पुस्तकाला जामीन राहतो. तुम्ही सोसायटीत काम करता, जामीन राहणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी आपल्याकडे सगळा कडकपणा सिनेमाच्या वाट्याला येतो. कॅमेरा, गाणी, मध्यंतरानंतरची लांबण, सगळ्यावर बोट ठेवतो. पुस्तक मात्र जाड असेल, अनुवादित असेल आणि मुखपृष्ठावर लाखो प्रती खपल्याचं छापलेलं असेल, तर मान डोलावतो.

आणखी दोन-तीन उदाहरणं देते. ही पुस्तकं बेळगावच्या कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात आणि रेल्वेच्या प्रवासात लोकांच्या हातात दिसतात, आणि हे सदर वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या घरात असतील.

दहा हजार तासांच्या सरावानं माणूस कुठल्याही विद्येत पारंगत होतो, असं अनेकांनी ऐकलेलं असतं. 2008 साली आलेल्या एका लोकप्रिय पुस्तकानं ते घरोघरी नेलं. त्यामागचा अभ्यास 1993 सालचा, बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा. दहा हजार ही त्यातल्या सर्वांत चांगल्या गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती. तो अभ्यास करणारे अँडर्स एरिक्सन यांनीच पुढे स्पष्ट केलं की त्या गटातले निम्मे त्या आकड्यापर्यंत पोचलेही नव्हते, आणि निव्वळ तास मोजून उपयोग नाही, सराव कसा केला हे महत्त्वाचं.

दुसरं उदाहरण मला जास्त भावतं. डॅनिएल काहनेमान हे नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ. माणूस निर्णय कसे घेतो यावरचं त्यांचं 2011 चं पुस्तक जगभर वाचलं गेलं. त्यातल्या एका प्रकरणात त्यांनी काही प्रयोगांचे निष्कर्ष ठामपणे मांडले होते. पुढे तसेच प्रयोग इतरांनी करून पाहिले तेव्हा ते निष्कर्ष टिकले नाहीत. 2017 मध्ये काहनेमान यांनी स्वतः जाहीरपणे मान्य केलं की फार थोड्या माणसांवर केलेल्या प्रयोगांवर आपण नको तेवढा विश्वास ठेवला. एवढ्या मोठ्या माणसानं हे म्हणावं याबद्दल मला नितांत आदर आहे. पण आधी छापलेल्या प्रती कपाटातच आहेत आणि त्या प्रकरणाचे दाखले भाषणांत अजून दिले जातात.

तिसरं तुमच्या कामाच्या जवळचं आहे. 2001 साली आलेल्या एका अतिशय गाजलेल्या व्यवस्थापनाच्या पुस्तकानं चांगल्यावरून थोर झालेल्या म्हणून 11 अमेरिकी कंपन्या निवडल्या होत्या. त्यातली सर्किट सिटी 2008 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि फॅनी मे त्याच वर्षी तिथल्या सरकारला आपल्या नियंत्रणाखाली घ्यावी लागली. यशस्वी झालेल्यांनाच बोलावून ‘तुम्ही काय केलंत?’ विचारलं की असं होतं. तेच सगळं करूनही जे बुडाले, त्यांना कुणी विचारायला जात नाही.

हे वाचून असली पुस्तकं सोडून देऊ नका. मी स्वतः आवडीनं वाचते आणि इतरांनाही वाचायला सांगते. फक्त कुणाला शिफारस करण्याआधी थोडा वेळ द्या. पुस्तक मुळात कुठल्या साली आलं ते पाहा, मराठी आवृत्तीचं साल नव्हे. तुम्हाला सर्वांत भावलेलं जे एक विधान असेल, त्याच्यामागे काय आहे ते शोधा: मोजमाप केलेला अभ्यास, की लेखकाला भेटलेल्या एखाद्या माणसाची गोष्ट? शेवटी टिपा आहेत का? मराठी आवृत्तीत नसतील तर मूळ इंग्रजी प्रत चाळा. आपल्या शहरातलं सार्वजनिक वाचनालय दीडशे वर्षांहून जुनं आहे. अशा ठिकाणी तासभर बसून दोन प्रती शेजारी ठेवून पाहणं काही अवघड नाही. आणि लेखकानं किंवा दुसऱ्या कुणी पुढे काही दुरुस्ती केली आहे का, हे मोबाइलवर पाच मिनिटांत सापडतं. एवढं करून मग सांगा, ‘मला हे पुस्तक आवडलं, अमुक प्रकरण तुझ्या कामाचं आहे, तमुक आकड्यावर विसंबू नकोस.’ भावासाठी हे वाक्य किती वेगळं ठरलं असतं.

आता सिनेमा. तुमची आवड चुकीची नाही. पण दीर तुमच्या मतामुळे दुखावले असं जे तुम्ही धरून चाललात, ते तपासून पाहायला हवं.

तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की दीर गल्लीच्या मंडळात आहेत आणि शिवजयंतीच्या चित्ररथात दरवर्षी असतात. मला वाटतं सगळी मेख तिथं आहे. बेळगावची चित्ररथ मिरवणूक ज्यांनी पाहिलीय त्यांना ठाऊक आहे की ती रात्रभर चालते. गल्लीतलीच पोरं दाढी-मिशा लावून, जिरेटोप घालून ट्रॉलीवर प्रसंग सादर करतात. स्पीकरवरून निवेदन गरजत असतं, कारण रस्त्याच्या पलीकडच्या माणसालाही ते ऐकू जायला हवं. तिथं हळू आवाजाला आणि बारीक हावभावाला जागाच नाही. तुमचे दीर लहानपणापासून इतिहास असा पाहत आणि करत आले. पडद्यावर तीच गर्जना मोठी होऊन आली तेव्हा त्यांना त्यांच्या गल्लीतल्या रात्री दिसल्या असतील. तुम्ही म्हणालात ‘आवाज फार होता’. त्यांच्यासाठी आवाज हाच तर आनंद होता.

शिवाय आपण सीमाभागात राहतो. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून या भागातल्या मराठी घरांना दुकानाच्या पाटीपासून सातबाऱ्याच्या भाषेपर्यंत किती गोष्टींसाठी झगडावं लागलं, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही त्यातच वाढलात. अशा घरात मराठी ऐतिहासिक चित्रपटाला गर्दी होणं ही केवळ करमणूक नसते. पुण्यातल्या कुटुंबात तुमचं वाक्य सहज खपलं असतं. इथं त्या वाक्याला जास्तीचं वजन आलं. म्हणून ते बोलू नये, असं माझं म्हणणं नाही. उलट, अशा चित्रपटाकडून जास्त अपेक्षा ठेवणं हाही आपलेपणाच आहे. त्यातली माणसं खरी वाटावीत, रणांगणाबाहेर ती कशी बोलत असतील, काय खात असतील, कशाला घाबरत असतील हेही दिसावं, असं वाटणं म्हणजे त्या इतिहासावर प्रेम असणं. पण हे तुम्ही दिरांना सांगितलंच नाही. तुमच्या वाक्यात निकाल होता आणि कारण मनातच राहिलं.

म्हणून पुढच्या वेळी सुरुवात प्रश्नानं करा. ‘दादा, तुम्हाला कुठला प्रसंग सगळ्यात आवडला?’ मनापासून विचारा आणि उत्तर पुरतं ऐका. त्यांनी चित्ररथावर असले प्रसंग उभे केले आहेत. वेशभूषेबद्दल, उभं राहण्याच्या ढंगाबद्दल त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळत असेल. मग तुमचं सांगा, पण एखादं दृश्य धरून. ‘गडावरून उतरतानाचा प्रसंग होता ना, तिथं संगीत थांबलं असतं तर तिचं रडणं मला ऐकू आलं असतं.’ अशा वाक्यावर वाद घालता येतो, सहमत होता येतं, हसताही येतं. ‘आवाज फार होता’ यावर गप्प बसण्यापलीकडे कुणाला काही करता येत नाही. आणि वेळही पाहा. थिएटरातून बाहेर पडल्यावर पहिली पंधरा मिनिटं माणूस अजून त्या गोष्टीतच असतो. ज्यानं तिकिटं काढली, त्याच्या आनंदात तेवढा वेळ सोबत राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. आपलं मत दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सांगितलं तरी ते तेवढंच प्रामाणिक असतं.

कन्नड चित्रपटाबद्दल मात्र मी तुमच्या बाजूनं ठाम उभी आहे. एखादा कन्नड चित्रपट आवडला म्हणून मराठीपण उणावत नाही. भाषेचा हक्क मागणं आणि शेजारच्या भाषेतली चांगली कला आवडणं या दोन गोष्टींत भांडण नाही, आणि ते लावू द्यायचं नाही. गिरीश कार्नाड कन्नडमध्ये लिहीत आणि मराठी ‘उंबरठा’त स्मिता पाटीलसमोर उभे राहत. ‘सैराट’ 2016 मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्याचा कन्नड अवतार ‘मनसु मल्लिगे’ आला, नायिका रिंकू राजगुरूच. सांगा दिरांना, यातला आपला कुठला आणि त्यांचा कुठला? किंवा एखाद्या रविवारी घरी दोन चित्रपट पाठोपाठ लावा: किनारी कर्नाटकातल्या भूत कोला या दैवतांच्या नृत्यविधीभोवती फिरणारा 2022 चा ‘कांतारा’ आणि कोकणातल्या दशावतारी कलावंताची गोष्ट सांगणारा 2025 चा ‘दशावतार’. दोन्हींत अंगात देव वागवणारी माणसं आहेत, रंगवलेले चेहरे आहेत, जंगल आणि जमीन वाचवायची धडपड आहे. दशावताराचा प्रदेश बेळगावपासून घाट उतरला की सुरू होतो, आणि भूत कोलाचा त्याच किनाऱ्यावर पुढे दक्षिणेला. मुंबईच्या समीक्षकाला जी तुलना पुस्तकं वाचून करावी लागेल, ती तुमच्या घरातल्या माणसांना अनुभवातून करता येईल. आणि रंगभूषा कुणाची जास्त पटली, यावर तुमच्या दिरांइतकं नेमकं कोण बोलणार?

ऑफिसातही हेच करा. मैत्रिणींना एखादा मराठी चित्रपट दाखवा, आणि त्यांना तो आवडला नाही तर का नाही आवडला ते विचारा. त्यांनाही मोकळेपणानं नापसंत करू द्या.

‘बरा होता’बद्दल थोडंसं. तुम्हाला ते सुरक्षित वाटतं, पण घरातल्यांच्या ते लक्षात आलेलं असणार. रोज बोलणारं माणूस अचानक दोन शब्दांत उत्तर द्यायला लागलं की ते रागावलंय असंच लोक समजतात. तुम्ही भांडण टाळण्यासाठी गप्प झालात आणि दिरांना बहुधा वाटत असेल की तुम्ही अबोला धरलाय. त्यामुळे गप्प राहणं सोडा. सगळ्यांसमोर जमत नसेल तर आधी जाऊबाईंशी बोला. त्या दिवशी गाडीत त्याही काही बोलल्या नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. त्यांनाही आवाज जास्त वाटला असण्याची शक्यता आहे.

आणि एक सुचवते. थंडी सुरू झाली की कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी, कथाकथन, कविसंमेलन, व्याख्यान असा दिवसभराचा भरगच्च कार्यक्रम असतो आणि मांडवात शेतकरी, शिक्षक, कॉलेजची मुलं, म्हाताऱ्या बायका सगळे असतात. यंदा एखाद्या संमेलनाला दिरांना, जाऊबाईंना आणि भावाला घेऊन जा. ग्रंथदालनात सवयींवरची, यशावरची पुस्तकं मांडलेली असतीलच. भावाला एखादं आवडलं तर घेऊ द्या, पण पैसे देण्याआधी दोघांनी मिळून ते मूळ कुठल्या सालचं आहे आणि शेवटी टिपा आहेत का, एवढं पाहून घ्या.